उलटा ठेवला तरी त्रिकोणच: तीन ते आठ वर्षांच्या मुलांची अवकाशीय जाण कशी वाढवावी

पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापा. तिन्ही बाजू सारख्या नकोत, एक बाजू चांगली लांबडी ठेवा. टोक खाली करून तो चार वर्षांच्या मुलापुढे ठेवा आणि विचारा, हा कुठला आकार? भिंतीवरच्या तक्त्यातले सगळे आकार घडाघडा सांगणारी बरीच मुलं इथे अडतात. कोणी म्हणतं, हा त्रिकोण नाही, कोणी म्हणतं, त्रिकोण पडलाय. तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी टोक वर करून बसलेला आणि तिन्ही बाजूंनी सारखा असतो. मुलानं ते चित्र पाठ केलेलं असतं. तीन सरळ बाजू आणि तीन कोपरे असले की तो कसाही ठेवला तरी त्रिकोणच, ही समज अजून यायची असते.

एखादी वस्तू कुठे आहे, ती फिरवली तर कशी दिसेल, दोन तुकडे जोडले तर काय होईल, समोर बसलेल्याला तिकडून काय दिसत असेल, हे मनातल्या मनात ताडता येणं म्हणजे अवकाशीय जाण. पुढे गणितात संख्यारेषा, अपूर्णांक, भूमिती, आलेख समजायला ती लागते. नकाशा वाचायला लागते आणि पिशवीत सामान नीट भरायलाही लागते. ही जाण जन्मतः असते किंवा नसते, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड उटाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सरावानं ही क्षमता वाढते, वाढ टिकते आणि न शिकवलेल्या कामांतही उतरते, असं दिसलं. मुलगे आणि मुली दोघांनाही सरावाचा फायदा होतो. मुलीच्या वाढदिवसाला भातुकली आणि मुलाच्या वाढदिवसाला ठोकळे देणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

खाली दिलेल्या प्रत्येक खेळात क्रम एकच आहे: आधी अंदाज, मग करून बघणं, मग काय झालं ते बोलणं. अंदाज वगळला की मूल नुसतं हात चालवतं, मनात वस्तू फिरवतच नाही. करून बघणं वगळलं की वर्कशीट उरतं. बोलणं वगळलं की आज जमलेलं उद्या आठवत नाही. म्हणून मूल तुकडा उचलायला गेलं की क्षणभर थांबवून एवढंच विचारा, "बसेल का? कसा फिरवावा लागेल?" उत्तर चुकलं तर लगेच बरोबर करू नका. तुकडाच ते सांगेल.

आधी शब्द

घरात आपण दिवसभर "तिथे ठेव", "तिकडे बघ", "ते दे" असं बोलतो आणि उरलेलं काम बोटानं करतो. मुलाला बोट कळतं, जागा कळत नाही. अमेरिकेत काही कुटुंबांच्या घरी जाऊन केलेल्या एका अभ्यासात (२०११) असं दिसलं की ज्या पालकांच्या बोलण्यात आकार, माप आणि जागा सांगणारे शब्द जास्त होते, त्यांची मुलंही ते शब्द जास्त वापरू लागली आणि साडेचार वर्षांची झाल्यावर अवकाशीय कोडी जास्त चांगली सोडवू लागली.

मराठीत या शब्दांची चंगळ आहे. वर-खाली, आत-बाहेर तर आहेतच. शिवाय अलीकडे, पलीकडे, मधोमध, कडेला, लगत, आडवा, उभा, तिरका, कलता, उलटा, सुलटा, पालथा, उताणा, आरपार, समोरासमोर, सभोवती. वाटी "पालथी घाल" म्हटल्यावर मूल ती कशी ठेवतं ते बघा. पालथी आणि आडवी यांतला फरक तीन वर्षांच्या मुलाला हातानं करूनच कळतो.

स्वयंपाकघर ही यासाठी सगळ्यात सोयीची जागा. डबे लावताना म्हणा, "पोह्यांचा डबा खालच्या फळीवर, मिठाच्या बरणीच्या मागे." घडीची पोळी लाटताना पहिली घडी घालण्याआधी विचारा, आता कसला आकार होईल? अर्धगोल झाला की पुन्हा विचारा, अजून एक घडी घातली तर? चतकोर हातात आला की तो उलगडून परत पूर्ण गोल करून दाखवा. पाच वर्षांच्या मुलासाठी हा अपूर्णांकांचा पहिला पाठ आहे आणि त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

दोन शब्दांशी सावध राहा. पहिला डावा-उजवा. स्वतःचा डावा-उजवा हात बहुतेक मुलांना सहाच्या आसपास पक्का होतो. समोरच्या माणसाचा उजवा कुठला, हे त्यानंतर एक-दोन वर्षांनी. तोवर "खिडकीच्या बाजूचा", "दाराकडचा" असं सांगा आणि शेवटी "म्हणजे तुझ्या उजवीकडचा" अशी जोड द्या. दुसरा शब्द "मागे". गाडीला स्वतःची मागची बाजू असते, झाडाला नसते. झाडाच्या मागे म्हणजे आपण उभे आहोत तिथून पलीकडे. मूल यात गोंधळलं तर त्याला समजत नाही असं मानू नका. शब्द दोन प्रकारे चालतो, हे खेळण्यातली गाडी आणि कुंडी शेजारी ठेवून दाखवा.

ठोकळे: किती, कसले, कसे

रंगीबेरंगी, एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे वाईट नाहीत, पण सुरुवात साध्या लाकडी ठोकळ्यांनी करावी. ते अडकत नाहीत, त्यामुळे तोल सांभाळावा लागतो आणि चूक लगेच कोसळून दिसते. वीस ठोकळ्यांत मनोरा होतो, घर होत नाही. एका मुलाला निदान साठ लागतात.

सुताराकडून करून घ्यायचे तर माप जाडी : रुंदी : लांबी = १ : २ : ४ ठेवा. ३ × ६ × १२ सेंटिमीटरचा मूळ ठोकळा छोट्या हाताला बरा पडतो. मूळ मापाचे ३०, अर्ध्या लांबीचे (६ सेमी) १५, दुप्पट लांबीचे (२४ सेमी) १०, आणि अर्धा ठोकळा तिरका कापून मिळणारे त्रिकोणी ८. फर्निचरच्या कामातून उरलेलं पाइन चालतं. प्लायवुड टाळा, त्याच्या कडांच्या कुसळ्या निघतात. सुताराला एक गोष्ट मुद्दाम सांगा: १२ सेंटिमीटरचा ठोकळा मधोमध कापून दोन अर्धे करू नका. करवतीच्या छेदात दोन-तीन मिलिमीटर जातात आणि दोन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही. दोन अर्धे म्हणजे एक, दोन एक म्हणजे एक दुप्पट, हे नातं मुलाच्या हाताला कळणं हाच या मापाचा सगळा फायदा असतो, आणि तो त्या तीन मिलिमीटरमध्ये जातो. प्रत्येक तुकडा लांबी ठरवणारी अडणी लावून वेगळा कापून घ्या. नंतर १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, कडा बोथट, रंग काही नको.

खर्च नको असेल तर एकाच छापाच्या साठ रिकाम्या काड्यापेट्या जमवा, आत रद्दी कागद घट्ट भरा आणि तोंडं चिकटपट्टीनं बंद करा. छाप वेगळा असेल तर मापं मिलिमीटरभर चुकतात आणि भिंत तिरकी होते.

पहिले काही दिवस मुलाला हवं ते करू द्या. दोन-अडीच वर्षांची मुलं ठोकळे नुसते वाहून नेतात, मग रांग आणि मनोरा, तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूल, मग चारही बाजूंनी बंद अंगण, आणि चौथ्यानंतर दोन्हीकडे सारखी रचना. पूल येत नसेल तर पूल बांधून दाखवू नका. दोन ठोकळे ठोकळ्याच्या लांबीपेक्षा जरा जास्त अंतरावर उभे करा आणि खालून गाडी जायला हवी, असं सांगा. वरचा ठोकळा पडेल. मग खांब जवळ आणायचे की वरचा ठोकळा बदलायचा, हा प्रश्न मूल स्वतः सोडवतं. पहिल्या दोन वेळा बहुतेक मुलं खांब अजून लांब नेतात. नेऊ द्या.

नंतर नक्कल करण्याचा खेळ. तुम्ही चार ठोकळ्यांची रचना करा, मुलानं शेजारी तशीच करायची. इथे चुका नीट बघा, कारण प्रत्येक चुकीवर उपाय वेगळा असतो.

ठोकळाच चुकीच्या मापाचा घेतला असेल तर लक्ष कमी पडलंय. रचना लहान करा.

ठोकळे बरोबर, जागाही बरोबर, पण एखादा आडव्याऐवजी उभा ठेवला असेल तर दिशा निसटली आहे. "हा कसा झोपलाय? भिंतीकडे डोकं करून की दाराकडे?" असं विचारलं की बऱ्याचदा तिथेच सुधारतं.

पुढून सगळं जुळतं पण मागे दडलेला ठोकळा राहिला असेल, तर मूल दिसतं तेवढंच मोजतंय. ही चूक सहा वर्षांपर्यंत सर्रास होते. रचनेभोवती फिरायला सांगा. मग रचना उचलून नेण्याआधी विचारा, यात एकूण किती ठोकळे असतील? मोडून मोजा.

खरी रचना जमली की फोटो बघून, त्यानंतर कागदावरच्या चित्रावरून. ही चढण मोठी आहे, घाई करू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी अजून एक खेळ फार उपयोगी पडतो: दोघांकडे सारखे पाच ठोकळे, मध्ये उभं उघडलेलं मोठं पुस्तक. एकानं रचना करत तोंडानं सांगायचं, दुसऱ्यानं न बघता करायचं. पुस्तक काढलं की जुळतंय का ते बघायचं. "तिथे ठेव" इथे चालत नाही, म्हणून मघाचे सगळे शब्द आपोआप लागतात. आजी-आजोबांबरोबर हा खेळ छान रंगतो.

सात तुकड्यांचा चौरस

टॅनग्रॅम, म्हणजे एक चौरस कापून केलेल्या सात तुकड्यांचं कोडं, विकत मिळतो, पण बाजारातले बरेच संच तळहाताएवढे असतात आणि छोट्या बोटांत तुकडे निसटतात. घरी करा. दोन मिलिमीटर जाड पुठ्ठा किंवा पाच-सहा मिलिमीटरचा फोम घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार पेठेत बोहरी आळीत असं सामान मिळतं. दोन्ही बाजूंनी रंग एकच हवा. कारण पुढे येतंय.

२० सेंटिमीटरचा चौरस आखा. त्यावर ५-५ सेंटिमीटरच्या पुसट रेघा आडव्या-उभ्या मारा, म्हणजे सोळा घरं होतील. आता ठळक रेघा:

१. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ.
२. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून त्या तिरक्या रेघेच्या मधल्या बिंदूपर्यंत. इथे थांबा, पुढे जाऊ नका. दोन मोठे त्रिकोण झाले.
३. खालच्या बाजूचा मध्य (१० सेमी) आणि उजव्या बाजूचा मध्य जोडा. कोपऱ्यात मधला त्रिकोण सुटला.
४. या नव्या रेघेचा मध्य आणि पहिल्या तिरक्या रेघेचा मध्य जोडा.
५. खालच्या बाजूच्या मध्यापासून डावीकडे वर, पहिल्या तिरक्या रेघेच्या पाव अंतरावरच्या बिंदूपर्यंत. पुसट रेघांचा छेद तिथेच आहे.
६. तिसऱ्या रेघेच्या मध्यापासून सरळ उभं वर, पहिल्या तिरक्या रेघेला टेकेपर्यंत. ही रेघ बरोबर १० सेंटिमीटर भरली पाहिजे. भरली नाही तर वरचं काहीतरी चुकलंय.

दोन मोठे, एक मधला, दोन लहान असे पाच त्रिकोण, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन मिळेल. स्टीलची पट्टी आणि कटर वापरून मोठ्यांनीच कापा.

सुरुवात सातही तुकड्यांनी करू नका. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला दोन लहान त्रिकोण द्या आणि त्यांचा चौरस करायला सांगा. मग तेच दोन वापरून मोठा त्रिकोण, मग समांतरभुज. दोन तुकड्यांतून तीन आकार निघतात, हे मुलाला नवल वाटतं आणि ते नवल पुरेसा वेळ टिकू द्यावं. त्यानंतर तीन तुकडे.

चित्रांचे साचे करताना तुकडे कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा, म्हणजे साचा आणि तुकडे एकाच मापाचे होतील. पुस्तकातलं छोटं चित्र बघून मोठे तुकडे लावणं हे पूर्ण वेगळं आणि अवघड काम आहे. "याला टॅनग्रॅम आवडत नाही" असं ज्या घरांत म्हणतात, तिथे बहुतेक वेळा माप बदलल्याचीच अडचण असते. पहिल्या साच्यात तुकड्यांच्या सगळ्या रेघा दाखवा, दुसऱ्यात निम्म्या, तिसऱ्यात फक्त बाहेरची कड. एकाच साच्यावर या तीन पायऱ्या घ्या.

समांतरभुज तुकडा सगळ्यांना छळतो. बाकीचे सहा तुकडे नुसते फिरवले तरी बसतात, हा कधी कधी पालथा करावा लागतो. एका बाजूला रंग आणि दुसरीकडे कोरा पुठ्ठा असेल तर मूल तो पालथा करतच नाही, कारण रंग जातो. म्हणून दोन्ही बाजू सारख्या. मूल अडलं की तुकडा हातात घेऊन बसवून देऊ नका. तुमचा स्वतःचा तळहात उताणा-पालथा करून दाखवा आणि तुकड्याचं तसं करून बघायला सांगा. हातानं हालचाल करून बघितली की मनातली हालचाल सोपी जाते.

ठिपक्यांची रांगोळी

पाटी-खडू किंवा अंगणातली फरशी पुरे. रांगोळीचा दर्जा मोजायचा नाहीये. ३ × ३ ठिपके काढा, दोन ठिपके जोडणारी एक रेघ तुम्ही मारा, शेजारच्या ठिपक्यांत मुलानं तशीच मारायची. आडव्या आणि उभ्या रेघा चार-साडेचार वर्षांत जमतात. तिरकी रेघ मागून येते. साधारण चार-पाचव्या वर्षी चौकोन, पाचव्या वर्षी त्रिकोण आणि सहा-सातव्या वर्षी टोकावर उभा शंकरपाळ्याचा आकार बघून काढता येतो. त्याआधी तिरक्या रेघांचा आग्रह धरला की मूल खडू टाकून उठतं.

पाच वर्षांनंतर अर्धी रांगोळी तुमची, अर्धी मुलाची. मधोमध एक उभी दोरी ठेवा. डावीकडे तुम्ही काढलेलं उजवीकडे आरशातल्यासारखं यायला हवं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मूल डावीकडचं जसंच्या तसं उजवीकडे उतरवतं: तुमची रेघ दोरीपासून दूर जाते, त्याची दोरीकडे येते. चूक दाखवायला खरा छोटा आरसा दोरीवर उभा धरा. आरशातली रांगोळी आणि मुलाची रांगोळी यांतला फरक ते स्वतः बोट ठेवून सांगतं. मग आरसा बाजूला ठेवून पुढची रेघ. ठिपके मोजायची सवय लावा, "दोरीपासून दुसरा ठिपका, वरून तिसरा." हे पुढे आलेखाच्या कागदावर थेट कामाला येतं.

खोलीचा नकाशा, मग पेठेचा

मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग घरी करता येतो. खोलीची छोटी प्रतिकृती करून तिच्यात छोटं खेळणं लपवायचं आणि मुलाला सांगायचं की मोठं खेळणं खऱ्या खोलीत त्याच जागी लपलंय. अडीच वर्षांची बहुतेक मुलं चुकली, तीन वर्षांची बहुतेक बरोबर गेली. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून सुरुवात करायला हरकत नाही.

बुटांचा खोका घ्या. आत काड्यापेटी म्हणजे पलंग, अर्धी काड्यापेटी म्हणजे खुर्ची, पुठ्ठ्याची पट्टी म्हणजे कपाट. दार आणि खिडकी कापा. खोका खोलीच्या दिशेनं ठेवा, म्हणजे खोक्यातलं दार खऱ्या दाराकडे. खोक्यात बटण लपवा आणि खोलीत चेंडू. चार-पाच वेळा अचूक जमलं की खोका पाव वळण फिरवा. लगेच चुका सुरू होतात, आणि व्हायलाच हव्यात, कारण आता मुलाला खोली मनात फिरवावी लागते. दाराला दार जुळवायला शिकवा.

त्यानंतर कागद. अनेक फ्लॅटमध्ये दोन फुटी फरश्या असतात, तोच तयार आलेख समजा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पाच बाय सहा फरश्या बसतात. कागदावर ४ सेंटिमीटरची पाच बाय सहा घरं आखली तर ए-फोर कागदावर खोली मावते. पलंग किती फरश्या लांब, किती रुंद, मुलानं चालत मोजायचं आणि घरं रंगवायची. पलंगाची उशी, कपाटाचं हँडल असं चित्र मुलं हमखास काढतात, कारण वरून बघितलं तर काय दिसेल याची कल्पना नसते. एक वाटी जमिनीवर ठेवून मुलाला स्टुलावर उभं करा, हात धरा, आणि विचारा आता काय दिसतंय. वर्तुळ दिसतं.

घराबाहेर याचा सर्वात सुंदर पाठ शनिवारवाड्यात आहे. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि आत मुख्यतः जोती उरली. तटावर जाता येत असेल तेव्हा वर चढा: खाली भिंतींच्या पायांनी आखलेला खऱ्या मापाचा नकाशा पसरलेला दिसतो. आधी खाली जोत्यांमधून चालवा, एक कोपरा लक्षात ठेवायला सांगा, मग तटावरून तो शोधायला लावा. नंतर दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून वाड्याला बाहेरून चक्कर मारा. दरवाजे पाच आहेत. घरी येऊन मुलानं चौकोन काढून त्यावर पाचही मांडायचे. सहा वर्षांच्या मुलाकडून क्रम बरोबर आला तरी खूप झालं, अंतरं चुकतील.

पायी जाताना नकाशा हातात असेल तर वळणावर नकाशा वळवायला शिकवा, म्हणजे समोरचा रस्ता कागदावरही समोरच राहील. सात-आठ वर्षांच्या मुलांना पुण्याच्या जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) मेट्रो स्थानकात न्या. वनाझ–रामवाडी मार्गिका उंचावरून जाते, स्वारगेटची जमिनीखालून, आणि कागदावरच्या नकाशात दोन रेघा नुसत्या एकमेकींना छेदतात. जिन्यानं उतरताना विचारत राहा: आता आपल्या डोक्यावर काय आहे?

दिवाळीचा किल्ला

पुण्यात दरवर्षी सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ले होतात, आणि अनेकदा मोठी मुलं ते करतात आणि छोटी बघतात. छोट्यांना खरं काम द्या.

राजगड घ्यावा, कारण मधला बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या वरून पाहिल्यावर ठसठशीत कळतात. दिवाळीच्या आठ दिवस आधी जमिनीवर खडूनं वरून दिसणारी आकृती काढा. एक मीटर लांबीचा किल्ला पुरतो. मग विटा-दगड, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चाळलेली माती. हळीव पेरले तर चार-पाच दिवसांत हिरवळ येते. माती फार पातळ कालवली तर उतार घसरतो आणि माच्यांचा आकार जातो. पोळीच्या कणकेएवढी घट्ट हवी.

मावळे ठेवण्याआधी मापाचा प्रश्न काढा: हा मावळा दरवाज्यातून आत जाईल का? बहुतेक किल्ल्यांत मावळा दरवाज्याच्या दुप्पट असतो. सहा-सात वर्षांचं मूल एकदा हे बघू लागलं की दरवाजा मोठा करायचा की मावळा तळाला उभा करायचा, यावर तासभर घालवतं.

पुढचा भाग सगळ्यात मोलाचा. एक मावळा सुवेळा माचीच्या टोकावर ठेवा आणि विचारा, "याला संजीवनी माचीवरचा झेंडा दिसेल का?" अंदाज घ्या. मग फोनचा कॅमेरा मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढा. बालेकिल्ला मध्ये येतो का, ते पडद्यावर दिसतं. चार वर्षांचं मूल दिसतं की नाही एवढं सांगू लागतं. दिसणारी गोष्ट मावळ्याच्या कुठल्या हाताला दिसेल, हे बरंच नंतर येतं. आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं विचारू नका.

जिथे बिनसतं

सर्वात जास्त बिनसतं ते मोठ्यांच्या हातांमुळे. तुकडा दोनदा चुकला की आपला हात पुढे जातो. हात मागे बांधून बसा आणि फक्त शब्द द्या. मूल खरंच वैतागलं तर एक तुकडा कमी करा किंवा साच्यात एक रेघ वाढवा, पण उत्तर लावून देऊ नका.

दुसरं, पडद्यावरचे खेळ. तिथे तुकडा एका स्पर्शानं फिरतो, वजन नाही, मागची बाजू नाही, चुकला तर आपोआप जागेवर सरकतो. सहा वर्षांखाली तरी हातातलीच वस्तू हवी.

कोड्यांची चित्रं म्हणजे जिगसॉ जरूर आणा. तीन वर्षांना ६ ते १२ तुकडे, चार-पाचला २४, सहाला ५० च्या आसपास. सगळे तुकडे पालथे ठेवून, चित्र न बघता फक्त कडांवरून लावून बघितलं तर जुनं झालेलं कोडं परत नवं होतं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

उलटे आकडे लिहिणं पहिलीतल्या मुलांमध्ये नेहमीचं आहे. ३ आणि ६ तर जवळजवळ आरशातली प्रतिबिंबं. दहादा गिरवून घेण्यापेक्षा पॉलिश पेपरचे मोठे ३ आणि ६ कापा, डोळे मिटून बोट फिरवायला लावा आणि पोट कुठल्या बाजूला आलं ते सांगायला लावा. आठ वर्षांनंतरही अक्षरं-आकडे सतत उलटत असतील, पायऱ्यांवर अंदाज चुकत असेल किंवा फळ्यावरचं उतरवताना जागा हरवत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या आणि मग बालविकास तज्ज्ञांना दाखवा.

सहा-सात वर्षांनंतर

सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) सुटी मिळते. तिचे दीड सेंटिमीटरचे तुकडे आणि गूल खरवडलेल्या आगकाड्या, एवढ्यात अख्खी भूमिती होते. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्तांनी हा खेळ घरोघर नेला. तुकड्याच्या दोन टोकांतून दोन काड्या घातल्या की दोनाचा सांधा होतो. मधोमध सुईनं आरपार न जाता भोक पाडून टोक काढलेली तिसरी काडी खुपसली की तिनाचा. भोक मोठ्यांनी पाडावं. आधी त्रिकोण आणि चौकोन करा, दोन्ही दाबून बघा. चौकोन कलतो, त्रिकोण हलत नाही. मग सहा काड्या आणि तिनाचे चार सांधे देऊन विचारा, फक्त त्रिकोणांची वस्तू होईल का? टेबलावर सपाट ठेवून ती होत नाही, एक कोपरा वर उचलावा लागतो, आणि तो उचलायची कल्पना मुलाला सुचेपर्यंत थांबायचं. घनाला बारा काड्या आणि आठ सांधे लागतात. तो उभा राहतो पण लडखडतो. कुठे काडी वाढवली तर थांबेल, हे मूल शोधतं.

शेवटी खोके. टूथपेस्टचा खोका उलगडण्याआधी मुलाला तो सपाट कसा दिसेल ते काढायला सांगा, मग उलगडून पडताळा. हे जमलं की पुठ्ठ्याचे ६ सेंटिमीटरचे सहा चौरस कापा आणि चिकटपट्टीनं कडेला कड जोडून वेगवेगळ्या मांडण्या करा. सहा चौरसांच्या एकूण ३५ मांडण्या होतात, त्यांतल्या फक्त ११ दुमडून घन होतो. दुमडण्याआधी प्रत्येक मांडणीवर "होईल" किंवा "नाही" लिहून घ्यायचं. एका रांगेत चार आणि वर-खाली एकेक, अशा सहा मांडण्या मुलं लवकर शोधतात. तीन-तीनची जिन्यासारखी सरकलेली मांडणी शेवटपर्यंत हुलकावणी देते. फिरवलेली किंवा पालथी केलेली मांडणी नवी धरायची नाही, हा नियम पहिल्यापासून ठेवा, आणि वाद झाला तर मुलालाच एक मांडणी कापून दुसरीवर ठेवून बघू द्या.